उष्णता शून्य, तरी एन्ट्रॉपी वाढली कशी? हिशेब मुळापासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उष्णतारोधक भांड्यात ८० अंश सेल्सिअसचे १ किलो आणि २० अंशांचे १ किलो पाणी एकत्र केले. बाहेरून उष्णता आत आली नाही, आतली बाहेर गेली नाही. म्हणजे एन्ट्रॉपीतल्या बदलाचे 'उष्णता भागिले तापमान' हे सूत्र लावले तर उत्तर शून्य यायला हवे. पुस्तकात मात्र ३६ जूल प्रति केल्विनच्या आसपास छापले आहे. जोडीला दुसरी शंका, की पाण्याचा बर्फ होताना एन्ट्रॉपी कमी होते, मग उष्मागतिकीचा दुसरा नियम (एकूण एन्ट्रॉपी कधीच घटत नाही) मोडला का? आणि तिसरा, जरा वैतागून विचारलेला प्रश्न, की परीक्षा सोडली तर हे सगळे कोणी वापरते का.

वापरतात. वाफ, दाबाखालची हवा आणि रेफ्रिजरेशन यांच्यातच माझी सगळी नोकरी झाली आणि एन्ट्रॉपीचा हिशेब तिथे रोजचा होता. त्याची दोन उदाहरणे शेवटी देतो. आधी तुमची मूळ अडचण.

सूत्रात जी उष्णता घालायची ती प्रत्यक्ष घडलेल्या प्रक्रियेतली नसते. सुरुवातीच्या स्थितीपासून शेवटच्या स्थितीपर्यंत नेणारी एखादी रिव्हर्सिबल वाट कल्पायची, म्हणजे जिथे प्रत्येक टप्प्यावर किंचित ढकलले तर प्रक्रिया उलट फिरू शकेल अशी, आणि त्या वाटेवर किती उष्णता द्यावी लागली असती ते सूत्रात घालायचे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउसियस याने १८५० च्या दशकात हा विचार बांधत नेला आणि १८६५ मध्ये या राशीला नाव दिले, तेव्हापासून अट हीच आहे. पुस्तकात ती 'रिव्ह' अशा बारीक अक्षरांत उष्णतेच्या खाली लटकलेली असते आणि नव्वद टक्के मुले ती वाचतच नाहीत.

कल्पित वाट चालते, कारण एन्ट्रॉपी हा पदार्थाच्या स्थितीचा गुण आहे. तापमान, दाब, घटक, त्यांचे प्रमाण आणि अवस्था (घन, द्रव की वायू) ठरले की एन्ट्रॉपी ठरली. पदार्थ तिथवर कसा पोचला याच्याशी तिला कर्तव्य नाही. त्यामुळे खरी प्रक्रिया कितीही धसमुसळी असली, तरी तिची दोन टोके तेवढी पकडायची आणि मधला रस्ता आपल्या सोयीचा घ्यायचा.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे वायूचे मुक्त प्रसरण. उष्णतारोधक पेटीच्या अर्ध्या भागात १ मोल आदर्श वायू आहे, उरलेला अर्धा भाग निर्वात आहे. मधला पडदा काढला. वायू पसरला. त्याने कशालाही ढकलले नाही म्हणून कार्य शून्य, पेटी बंद म्हणून उष्णता शून्य, म्हणून अंतर्गत ऊर्जा आणि तापमान होते तेवढेच. दोन टोके कुठली? तेच तापमान, दुप्पट घनफळ. आता याच टोकांमधली सभ्य वाट: वायू सिलिंडरमध्ये घ्या, पिस्टन अगदी सावकाश मागे येऊ द्या आणि तापमान ३०० केल्विनवर टिकावे म्हणून बाहेरून उष्णता देत राहा. पिस्टनवर वायूने केलेले कार्य ८.३१४ × ३०० × लॉग २, म्हणजे सुमारे १,७२९ जूल. तेवढीच उष्णता आत आली. भागिले ३००:

एन्ट्रॉपीतला बदल = १,७२९ ÷ ३०० = ५.७६ जूल प्रति केल्विन

(इथे आणि पुढे सगळीकडे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग. कॅल्क्युलेटरवर शेजारीच दहाच्या पायाचा लॉग असतो. चुकून ते बटण दाबले तर उत्तर २.३०३ पटीने लहान येते. हा आकडा ओळखीचा करून ठेवा, चूक लगेच सापडते.)

मुक्त प्रसरणातही वायूचा बदल हाच, ५.७६. फरक पडतो तो बाहेरच्या जगात. सावकाश प्रसरणात बाहेरच्या उष्णतासाठ्याने १,७२९ जूल दिले म्हणून त्याची एन्ट्रॉपी ५.७६ ने घटली आणि एकूण बेरीज शून्य झाली. मुक्त प्रसरणात बाहेरच्या जगाला काही कळलेच नाही, तिथला बदल शून्य, आणि एकूण बेरीज +५.७६. सावकाश वाटेवर आपल्याला १,७२९ जूल कार्य हाती लागले होते. पडदा ओढून टाकला तेव्हा ते मिळवायची संधीच गेली.

हेच उत्तर अगदी वेगळ्या दिशेने तपासता येते. घनफळ दुप्पट झाले म्हणजे प्रत्येक रेणूला बसायला दुप्पट जागा. एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ रेणू असतात, म्हणून एकूण मांडण्यांची संख्या २ च्या तेवढ्या घातांकाने वाढली. बोल्ट्झमनच्या सूत्राप्रमाणे एन्ट्रॉपी म्हणजे त्याचा स्थिरांक (१.३८ × १०⁻²³) गुणिले मांडण्यांच्या संख्येचा लॉग. गुणाकार करून पाहा: ५.७६. कुठेही उष्णता नाही, तापमान नाही, पिस्टन नाही, आणि आकडा तोच. मला स्वतःला एन्ट्रॉपीवर खरा विश्वास बसला तो ही जुळणी पाहून.

आता तुमचे पाणी. गरम पाणी ३५३ केल्विन, थंड २९३, दोन्ही १ किलो, म्हणून मिश्रण ३२३ केल्विनला स्थिरावते. इथे 'उष्णता भागिले तापमान' म्हणताना दुसरा प्रश्न उभा राहतो: तापमान कुठले? ते तर सतत बदलते आहे. म्हणून लहान लहान तुकडे करून बेरीज करायची, आणि ती बेरीज म्हणजे

एन्ट्रॉपीतला बदल = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × लॉग (शेवटचे तापमान ÷ सुरुवातीचे तापमान)

विशिष्ट उष्मा ४,१८० जूल प्रति किलो प्रति केल्विन घेऊ.

थंड पाणी: ४,१८० × लॉग (३२३ ÷ २९३) = +४०७
गरम पाणी: ४,१८० × लॉग (३२३ ÷ ३५३) = −३७१
एकूण: +३६ जूल प्रति केल्विन

दोघांमध्ये उष्णता एकाच मापाने, १,२५,४०० जूल, इकडून तिकडे गेली. पण गरम पाण्याने ती जास्त तापमानाला दिली, थंडाने कमी तापमानाला घेतली. भागाकारात खालचा आकडा लहान, म्हणून थंडाची वाढ गरमाच्या घटीपेक्षा मोठी. तुम्ही पेटीच्या बाहेरच्या भिंतीवर उभे राहून 'उष्णता शून्य' म्हणालात, ते खरेच आहे. पण एन्ट्रॉपी भिंत ओलांडून आत आली नाही. ती आत, गरम आणि थंड पाणी जिथे भेटले तिथे तयार झाली. ऊर्जा अशी तयार होत नाही, एन्ट्रॉपी होते. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडायची सवय असल्याने इथे अडखळायला होते.

यावर काही जण विचारतात, की थंड पाणी रिव्हर्सिबल रीतीने तापवायचे म्हणजे नक्की काय करायचे. हे आकड्यांत बघण्यासारखे आहे. २० अंशांचे १ किलो पाणी ८० अंशांपर्यंत न्यायचे आहे. पाण्याचा स्वतःचा बदल ठरलेला: ४,१८० × लॉग (३५३ ÷ २९३) = ७७९. आता ते थेट ८० अंशांच्या मोठ्या साठ्यात बुडवले, तर साठ्याने २,५०,८०० जूल ३५३ केल्विनला दिले, त्याची घट ७१०, एकूण वाढ सुमारे ६८. त्याऐवजी आधी ५० अंशांच्या साठ्यात आणि मग ८० अंशांच्या साठ्यात बुडवले तर एकूण वाढ ३५. चार समान टप्पे केले तर १८. टप्पे दुप्पट केले की वाढ जवळपास निम्मी होते. टप्पे अगणित केले की शून्य. रिव्हर्सिबल प्रक्रिया ही अशी कधीच न गाठता येणारी मर्यादा आहे, पण तिच्या दिशेने चालत जाता येते. कारखान्यात उष्णता पुनर्वापराची आखणी करताना हेच करतात: गरम प्रवाह थेट थंडगार प्रवाहाला न भिडवता, तापमानाने जवळजवळचे प्रवाह एकमेकांशी जोडतात.

ते ३६ जूल प्रति केल्विन म्हणजे नेमके काय गमावले, तेही बघू. दोन्ही पाण्यांच्या मध्ये एक आदर्श इंजिन बसवले असते, तर त्याने गरमाकडून उष्णता घेऊन, थोडे कार्य काढून, उरलेली थंडाला दिली असती. एन्ट्रॉपीची एकूण वाढ शून्य ठेवायची तर दोघांचे अंतिम तापमान ३५३ × २९३ चे वर्गमूळ, म्हणजे ३२१.६ केल्विन येते. मिसळून आलेल्या तापमानापेक्षा साधारण १.४ अंश कमी. हा जो फरक, तेवढी ऊर्जा कार्य म्हणून बाहेर पडली असती: सुमारे ११.७ किलोजूल. १०० किलोचे वजन जवळजवळ १२ मीटर वर उचलता आले असते. आता ३६.२ ला ३२३ ने गुणा: ११.७ किलोजूल. हा योगायोग नाही. तयार झालेली एन्ट्रॉपी गुणिले उष्णता टाकायच्या जागेचे तापमान, एवढे कार्य कायमचे हातचे गेले, हा सर्वसाधारण नियम आहे. माझ्या मते एन्ट्रॉपी शिकवायची सुरुवात इथून करावी. 'अव्यवस्थेचे माप' ही व्याख्या कानाला बरी वाटते, पण तिच्यात आकडा घालायला जागा नाही, आणि विद्यार्थी तिच्यावर विसंबून भलत्याच गोष्टींचे अंदाज बांधतात.

दुसऱ्या शंकेकडे. इथे मी सरळ ० अंशांचे उदाहरण घेत नाही, −१० अंशांचे घेतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. स्वच्छ पाणी न हलवता सावकाश थंड केले तर ते −१० अंशांपर्यंत द्रवच राहू शकते. मग एखादा स्फटिक पडला की गोठायला लागते. बाहेरचा फ्रीझरही −१० अंशांवर धरला आहे. १ मोल (१८ ग्रॅम) पाण्याचा −१० ला बर्फ झाला, तर एन्ट्रॉपीतला बदल किती?

पहिला मोह असा: −१० अंशांवरची गोठण्याची उष्णता घ्या आणि २६३ ने भागा. चूक. −१० ला पाणी गोठणे ही उलट न फिरणारी प्रक्रिया आहे. त्या तापमानाला बर्फ आपणहून पुन्हा पाणी होत नाही. पाणी आणि बर्फ समतोलात राहतात ते ० अंशांना, तेव्हा वाट तिथून न्यायला हवी. पाणी −१० वरून ० पर्यंत तापवायचे, ० ला गोठवायचे, आणि बर्फ परत −१० पर्यंत थंड करायचा. पाण्याचा मोलर विशिष्ट उष्मा ७५.३, बर्फाचा सुमारे ३७.७ जूल प्रति केल्विन, आणि ० अंशांना वितळण्याचा सुप्त उष्मा ६,००८ जूल प्रति मोल.

पाणी तापवणे: ७५.३ × लॉग (२७३ ÷ २६३) = +२.८१
गोठवणे: −६,००८ ÷ २७३ = −२२.०१
बर्फ थंड करणे: ३७.७ × लॉग (२६३ ÷ २७३) = −१.४१
पाण्याचा एकूण बदल: −२०.६ जूल प्रति केल्विन

कमी झाली, तुमचे म्हणणे बरोबर. आता फ्रीझर. त्याला किती उष्णता मिळाली? इथे मात्र प्रत्यक्षात मिळालेली उष्णता घ्यायची. ऊर्जेचा हिशेब त्याच वाटेने: +७५३ − ६,००८ − ३७७ = −५,६३२ जूल. म्हणजे पाण्याने ५,६३२ जूल बाहेर टाकले आणि ते २६३ केल्विनच्या फ्रीझरने घेतले.

फ्रीझरचा बदल: +५,६३२ ÷ २६३ = +२१.४
एकूण: +०.८ जूल प्रति केल्विन

दुसरा नियम शाबूत. तो पाण्याच्या एन्ट्रॉपीबद्दल बोलतच नाही. पाणी आणि भोवताल मिळून जी बेरीज होते तिच्याबद्दल बोलतो. हेच गणित तापमान बदलून करून पाहा. बरोबर ० अंशांना बेरीज शून्य येते, म्हणजे समतोल. +५ अंशांना ऋण येते, म्हणजे तिथे पाणी गोठणार नाही. कुठल्या तापमानाला गोठायला सुरुवात होऊ शकते हे तुम्ही फक्त या बेरजेच्या चिन्हावरून सांगू शकता.

इथे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे, की पाण्यासाठी कल्पित वाट आणि फ्रीझरसाठी खरी उष्णता, असा दुजाभाव का. कारण फ्रीझर, हवा, नदी, समुद्र असा भोवताल आपण इतका मोठा धरतो की त्याच्या तापमानात फरक पडत नाही. ५,६३२ जूल त्याला सावकाश मिळाले की धाडकन, त्याची अंतिम स्थिती तीच. त्यामुळे त्याच्यापुरती खरी उष्णता आणि रिव्हर्सिबल उष्णता एकच ठरते. भोवताल लहान असेल, म्हणजे थर्मासमधल्या पाण्यासारखा ज्याचे तापमान बदलते असा, तर मात्र ही सवलत नाही. त्यालाही लॉगचे सूत्र लावायचे.

जाता जाता: ते −१० अंशांचे पाणी उष्णतारोधक बाटलीत असते तर? तेव्हा गोठताना सुटलेली उष्णता पाण्यालाच तापवते आणि ते ० अंशांना येऊन थांबते. ७५३ ÷ ६,००८, म्हणजे जेमतेम साडेबारा टक्के पाण्याचा बर्फ होतो, बाकी द्रवच राहते. फ्रीझरमधून काढलेली बाटली टेबलावर आपटली की आत क्षणात चुऱ्यासारखा बर्फ दिसतो, तो एवढाच. एन्ट्रॉपी: +२.८१ − २.७६ = +०.०५ जूल प्रति केल्विन प्रति मोल. उष्णता शून्य, भोवतालाचा बदल शून्य, आणि तरी बेरीज धन. हा प्रश्न आणि तुमचा गरम-थंड पाण्याचा प्रश्न एकाच जातीचे.

आदर्श वायूसाठी तापमान आणि दाब दोन्ही बदलत असतील तर वाट दोन तुकड्यांची घ्या, आधी दाब स्थिर ठेवून तापमान बदला, मग तापमान स्थिर ठेवून दाब:

बदल = स्थिर दाबाचा विशिष्ट उष्मा × लॉग (तापमानांचे गुणोत्तर) − वायू स्थिरांक × लॉग (दाबांचे गुणोत्तर)

तापमान केल्विनमध्ये हे सगळे सांगतात. दाब निरपेक्ष हवा, हे कमी जण सांगतात. गेजवर ७ बार दिसत असेल तर तो ८ बार आहे, कारण गेज वातावरणाच्या दाबाला शून्य मानते. गुणोत्तर काढताना गेजचा आकडा घातला की सगळे बिघडते, आणि सुरुवातीचा दाब गेजवर शून्य असेल तर भागाकारच होत नाही. वायू स्थिरांक प्रति मोल आणि विशिष्ट उष्मा प्रति किलो अशी सरमिसळही नेहमीची. हवेसाठी प्रति किलो घ्यायचे तर १.००५ आणि ०.२८७ किलोजूल प्रति केल्विन ही जोडी लक्षात ठेवा.

रासायनिक अभिक्रियांवर थोडेच लिहितो, कारण तिथे गणित सोपे आहे: तक्त्यातल्या प्रमाण एन्ट्रॉपी घ्यायच्या, उत्पादितांच्या बेरजेतून अभिकारकांची बेरीज वजा करायची. एकच सापळा आहे. मूलद्रव्यांची निर्मिती-एन्थाल्पी (पदार्थ बनताना घेतलेली किंवा दिलेली उष्णता) आपण शून्य धरतो, म्हणून एन्ट्रॉपीही शून्य धरली जाते. तसे नाही. ती शून्य केल्विनपासून मोजलेली असते आणि २९८ केल्विनला हायड्रोजनची १३०.७, ऑक्सिजनची २०५.२, द्रव पाण्याची ६९.९ जूल प्रति मोल प्रति केल्विन आहे. १ मोल पाणी तयार होताना: ६९.९ − १३०.७ − १०२.६ = −१६३.४. इतकी घट होऊनही हायड्रोजन स्फोट होऊन जळतो, कारण बाहेर टाकलेल्या २,८५,८०० जूलमुळे भोवतालाची एन्ट्रॉपी ९५९ ने वाढते. एकूण सुमारे +७९५. या आकड्याला २९८ ने गुणून उणे चिन्ह दिले की −२३७ किलोजूल, म्हणजे तुमच्या तक्त्यातली गिब्ज ऊर्जा. ती वेगळी संकल्पना म्हणून पाठ करू नका. भोवतालाचा हिशेब आधीच पोटात घेतलेली ती एकूण एन्ट्रॉपीच आहे.

आता कारखाना. साखर कारखाना, डेअरी, कापड प्रक्रिया, कुठेही जा: बॉयलर वरच्या दाबाची वाफ देतो आणि वापराच्या जागी खालचा दाब लागतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, ज्याला सगळे पीआरव्ही म्हणतात. समजा १० बार निरपेक्ष दाबाची कोरडी संपृक्त वाफ या व्हॉल्व्हमधून ३ बारवर आणली. व्हॉल्व्ह उष्णता देत-घेत नाही, कार्य करत नाही. एन्थाल्पी, म्हणजे वाफ सोबत वाहून नेते ती ऊर्जा, आधी आणि नंतर तीच, सुमारे २,७७८ किलोजूल प्रति किलो. ऊर्जेच्या हिशेबात तोटा शून्य. मॅनेजरला ताळेबंद दाखवला तर तो म्हणेल सगळे ठीक आहे.

स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांचा तक्ता, उघडा. १० बारच्या संपृक्त वाफेची एन्ट्रॉपी सुमारे ६.५९ किलोजूल प्रति किलो प्रति केल्विन. ३ बार आणि तीच एन्थाल्पी म्हणजे साधारण १५८ अंशांची किंचित अतितप्त वाफ. तिची एन्ट्रॉपी सुमारे ७.१२. वाढ ०.५३. (इथे लॉगची सूत्रे वापरू नका. वाफ या दाबांना आदर्श वायूसारखी वागत नाही आणि टेबल हाताशी आहे.) भोवताल ३० अंशांचा, ३०३ केल्विन. ०.५३ × ३०३ = सुमारे १६० किलोजूल प्रति किलो एवढी कार्य करण्याची क्षमता गेली. ताशी ५ टन वाफ त्या व्हॉल्व्हमधून जात असेल तर हे २२० किलोवॅटच्या पुढे जाते, रात्रंदिवस.

व्हॉल्व्हच्या जागी आदर्श टर्बाइन असते तर काय मिळाले असते हेही टेबलवरून काढता येते: सुमारे २१७ किलोजूल प्रति किलो. १६० पेक्षा जास्त कसे? कारण टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ ओलसर असते, तिच्यात उष्णता कमी उरते, आणि पुढे तेवढेच गरम करायला थोडी जादा वाफ लागते. विक्रेता तुम्हाला २१७ दाखवेल. खरा तोटा १६० आहे. आणि प्रत्यक्ष टर्बाइन त्यातलाही काही भागच देते, तेव्हा वाफ थोडी असेल आणि अधूनमधूनच लागत असेल तर व्हॉल्व्हच परवडतो. पण वाफ मोठ्या प्रमाणात आणि सलग लागत असेल तर नाही. महाराष्ट्रातले साखर कारखाने उसाच्या बगॅसवर (चिपाडावर) बॉयलर चालवतात, वाफ आधी टर्बाइनमधून नेऊन वीज काढतात आणि बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ रस आटवायला वापरतात. ऊर्जेच्या ताळेबंदातून हे शहाणपण दिसत नाही, एन्ट्रॉपीच्या ताळेबंदातून दिसते.

दुसरे उदाहरण छोटे आहे, पण मला जास्त आवडते. हवेचा कॉम्प्रेसर ३० अंशांची, १ बारची हवा घेऊन ८ बार निरपेक्ष दाबाला देतो आहे. एकच टप्पा, आणि कागदोपत्री मशीन विनाशीतक. बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान नोंदवहीत २५० अंश लिहिले आहे. सूत्र लावा:

१.००५ × लॉग (५२३ ÷ ३०३) − ०.२८७ × लॉग (८ ÷ १) = ०.५४९ − ०.५९७ = −०.०४८ किलोजूल प्रति किलो प्रति केल्विन

ऋण. थंड करणारे काही नसेल तर हवेची एन्ट्रॉपी कमी होऊच शकत नाही. आदर्श कॉम्प्रेसरमध्येसुद्धा हवा २७५ अंशांच्या आसपास बाहेर यायला हवी, खरा कॉम्प्रेसर असेल तर त्याहून गरम. म्हणजे एक तर मशीनला कुठेतरी पाण्याचे जॅकेट आहे किंवा सिलिंडरच्या पंख्यांवरून उष्णता निघून जाते आहे, नाही तर थर्मामीटर हवेपर्यंत पोचलेलाच नाही, नाही तर दाबाचा आकडा चुकला आहे. यातले नेमके काय, ते जाऊन बघावे लागते. पण काहीतरी चुकले आहे हे खुर्चीवरून न उठता कळले. विशिष्ट उष्मा तापमानाबरोबर थोडा वाढतो, म्हणून मी १.०२ घालूनही बघतो, उत्तर −०.०४ येते, चिन्ह बदलत नाही. चिन्ह बदलले असते तर मी गप्प बसलो असतो, कारण तेव्हा फरक अंदाजाच्या चुकीत बसतो.

तुमच्या पुस्तकातले पुढचे उदाहरण बहुधा तांब्याचा तापलेला तुकडा तळ्यात टाकण्याचे असेल. तुकड्याला लॉग लावा, कारण त्याचे तापमान बदलते. तळ्याला साधा भागाकार पुरे.